कलम अकरा आणि न पाठवलेला फळा

"पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे पाठ लिहिणे, उत्तरे तपासणे व संपर्कवर्ग घेणे ही कामे अध्यापक संस्थेच्या सूचनेनुसार करील. ही कामे तासिकांमध्ये मोजली जाणार नाहीत. लिहिलेले पाठ संस्थेच्या मालकीचे राहतील."

हे कलम अकरा. श्रीरामपूरच्या ज्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागले, तिथल्या नेमणुकीच्या करारात ते तिसऱ्या पानावर, रजेच्या नियमांच्या खाली अंग चोरून बसलेलं असायचं. मी निवृत्त झाले तेव्हा त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. पहिली माझ्यामुळे आली. दुसरी जिच्यामुळे आली, तिला मी पोस्टाने शिकवलं होतं. लोक नोकरीच्या आठवणी सांगताना सत्कार सांगतात, बोर्डात आलेले विद्यार्थी सांगतात. माझी कमाई विचाराल तर या दोन ओळी, आणि त्यातल्या दुसरीचा मला जास्त अभिमान आहे.

बाहेरच्या माणसाला हा मामला आधी समजावून सांगायला हवा. कॉलेजात प्राध्यापकाची गरज किती, हे त्याच्या ज्ञानावर ठरत नाही, तासांवर ठरतं. आठवड्याचे तास भरले तर जागा आहे. तास कमी पडले की माणूस 'अतिरिक्त'. कायम झालेल्याला थोडंफार संरक्षण असतं, पण पहिली दोन वर्षं प्रोबेशनची, आणि त्या काळात अतिरिक्त ठरलात की एप्रिलअखेर नमस्कार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला. शाळामास्तर, एस.टी.चे कंडक्टर, साखर कारखान्यातले कारकून, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सा, ज्यांना कॉलेजात येणं शक्य नाही त्यांनी घरी बसून बी.ए. व्हायचं. आमच्या कॉलेजला केंद्र मिळालं. पाठ आम्ही लिहायचे, ऑफिसात ते टाईप होऊन सायक्लोस्टाईल मशिनवर निघायचे, पोस्टाने जायचे. उत्तरं पोस्टाने यायची आणि लाल शाईने रंगून परत जायची. वर्षातून मोजके रविवार विद्यार्थी स्वतः यायचे, तो संपर्कवर्ग.

सही करण्याआधी कागद वाचायची मला खोड आहे. मी प्राचार्यांना विचारलं, "मोजली जाणार नाहीत म्हणजे काय, सर? काम करायचं, पण ते काम नव्हे?"

"अहो भोसलेबाई," ते म्हणाले, "ते असंच असतं."

प्राचार्य सज्जन माणूस. कोणालाही दुखवायचं नाही या धोरणाने त्यांनी आयुष्यभर सगळ्यांनाच थोडं थोडं दुखवलं. मी सही केली, कारण कोपरगावच्या हायस्कूलमधली कायमची नोकरी सोडून आले होते, आणि तिथे माझ्या जागी दुसऱ्या बाई रुजूही झाल्या होत्या. शिवाय बरोबर आई. माझी मुलगी आता प्रोफेसर, असं ती कोपरगावात गल्लीभर सांगून आली होती. ती म्हणाली, "आता मागं वळायचं नाही बरं का इंदू. मी तर नाही वळणार."

आईच्या मते माझ्या पायाला भिंगरी होती. खोटं नाही. बसून मला विचारच करता येत नाही. वर्गात मी कधी खुर्चीला टेकले नाही. त्यामुळे पाठ लिहायला बसले की पेन थांबायचं. शेवटी मी एक युक्ती काढली. दुपारी रिकामा वर्ग गाठायचा, दार लावून घ्यायचं आणि बाकांनाच शिकवायचं. "विद्यार्थी मित्रहो, काल आपण पाहिलं की…" असं मोठ्यांदा. फळ्यावर आकृती काढायची, आणि वाक्य जिभेवर गरम आहे तोवर टेबलाशी धावत येऊन लिहून टाकायचं. शिपाई खिडकीतून डोकावून गेला आणि ऑफिसात सांगून आला की नव्या बाईंना दुपारचं ऊन लागतं.

असे पाठ झाले, आणि झाले म्हणजे चांगले झाले. फक्त त्यांत जागोजाग एक वाक्य राहून गेलं. "आता फळ्यावर पाहा." माझ्या कागदावर त्या वाक्यापुढे आकृती काढलेली नव्हती, फळ्यावरची पाहून नंतर काढू म्हणून मोकळी जागा सोडलेली. पण नंतर विचारलं तर ऑफिस म्हणालं, स्टेन्सिलवर आकृती काढायला गेलं की स्टेन्सिल फाटतो, आकृत्यांचा कागद मागाहून छापू. मागाहून म्हणजे कधी, हे सरकारी आणि संस्थेच्या कामात विचारायचं नसतं. पाठ तसेच गेले. फळ्यावर पाहा, आणि खाली कोरी जागा.

पत्रं यायची ती "आदरणीय सर" अशी. पाठावर माझं नाव 'प्रा. इं. द. भोसले' असं, आणि प्राध्यापक म्हटल्यावर कोट-टोपी डोळ्यांपुढे येणारे दिवस होते. मी एकालाही दुरुस्त केलं नाही. एका कंडक्टरने लिहिलं, "आपला पाठ राहुरी ते वांबोरीच्या दरम्यान वाचून पूर्ण केला. फेरी बदलली असल्याने पुढील पाठ थोडा आखूड पाठवावा." कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या एका कारकुनाची उत्तरं दर चार ओळींनी तुटायची, कारण मध्ये उसाची गाडी काट्यावर यायची. त्याच्या कागदाला मळीचा वास असे. माझ्या विषयाचे संपर्कवर्ग अजून सुरू झाले नव्हते, त्यामुळे या माणसांना मी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्यासाठी मी जीव ओतून लिहीत होते, आणि समोर बसलेल्या पोरांपेक्षा हे लोक जास्त मन लावून वाचतात असं मला वाटायचं.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. पाऊस आधीही कमीच झाला होता, त्या वर्षी तर नावालाही नाही. कॉलेजातली खेड्यांवरची मुलं एकेक करून दिसेनाशी झाली. कुणी बंडिंगच्या म्हणजे शेताला बांध घालायच्या सरकारी कामावर, कुणी खडी फोडायला. दिवाळीनंतर माझे दोन वर्ग एकत्र केले, आणि एकत्र करूनही मागचे बाक रिकामेच. तास घटले. जानेवारीत प्राचार्यांनी बोलावून, खिडकीबाहेर बघत, मला सांगितलं की या हिशेबाने अर्थशास्त्राची एक जागा अतिरिक्त ठरते, आणि प्रोबेशनवर मी एकटीच आहे.

"पण सर, पोस्टाने मी शंभरावर लोकांना शिकवतेय. वर्गात आहेत त्याच्या चौपट!"

"ते तासिकांत मोजत नाहीत, बाई. कलम अकरा."

"मग मोजायचं ठरवा."

"ते दादांच्या हातात आहे. एप्रिलमध्ये दादा बसतील तेव्हा बघू."

दादा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ऊसवाले, कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, तोंडाने गोड आणि हिशेबाला पक्के. जानेवारी ते एप्रिल हा काळ माझ्यासारख्या बाईने कसा काढला असेल, हे सांगून समजणार नाही. रात्री झोप नाही, दिवसा जागेवर पाय नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात मी इतक्या फेऱ्या मारायचे की गॅलरीत उभी असलेली पोरं बाजूला होऊन वाट द्यायची. घरी आई रोज विचारायची, "काय झालं?" आणि रोज मी म्हणायचे, "काही नाही." ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटायची.

त्यातच फेब्रुवारीत पोस्टातून एक जाडजूड पाकीट आलं. सोनईच्या अलीकडच्या एका वाडीतून, प्राथमिक शिक्षकांच्या एका गटाची उत्तरं एकत्र पाठवलेली. पाठ सातवा, मागणीचा नियम. भाव वाढला की लोक माल कमी घेतात, भाव उतरला की जास्त घेतात, एवढाच तो नियम. त्याची आकृती काढली तर रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. पहिलं उत्तर उघडलं तर रेघ थेट वर चढलेली, आगगाडीचा पूल चढावा तशी. दुसरं उघडलं, तीच रेघ. एकवीसच्या एकवीस उत्तरांत तीच रेघ, सगळ्यांची पट्टीने आखलेली, टोकाला बाण काढलेला. माझं डोकं फिरलं. चूक करायची तर करा, पण ती तरी स्वतःची करा!

प्राचार्यांना दाखवलं तर त्यांना सुटकेचा मार्ग दिसला. "नक्कल म्हणून शेरा मारा आणि पाठवून द्या. एकवीस लोक कमी झाले तर तुमचंच काम हलकं."

नक्कल हा शेरा लागला की त्या वर्षी परीक्षेला बसता येत नाही. आणि एकवीस लोक कमी झाले की पोस्टाने शिकवण्याच्या माझ्या मुद्द्यात जोरच उरत नाही. रागही होता, आणि आत कुठेतरी एक शंकाही. नक्कल करणारा माणूस इतकी सुबक पट्टी लावून करत नाही. मी शेरा न मारता पाकीट पिशवीत घातलं आणि शनिवारी नेवाशाची एस.टी. पकडली. शनिवारी प्राथमिक शाळा सकाळची असते, म्हणजे दुपारी मास्तर मोकळे सापडतील, असा हिशेब.

फाट्यावर उतरून उन्हातून चालत वाडी गाठली. शाळा तीन खोल्यांची. मधल्या खोलीतून वाचल्याचा आवाज येत होता. दारात पोचले तशी आत एकदम धांदल उडाली. कुणी सतरंजीवरून उठलं, कुणी कागद पाठीमागे लपवले, आणि पांढऱ्या मिशांचे एक गुरुजी डस्टर घेऊन फळ्याकडे झेपावले.

"नमस्कार बाई. तपासनीला आल्या जनू? आदी कळवलं असतं तर…"

"पुसू नका!" मी ओरडलेच. "मी इन्स्पेक्टर नाही. मी भोसले. श्रीरामपूरहून आले."

कुणालाच काही कळेना. मग कोपऱ्यातली एक तरुण शिक्षिका, हातात माझे सायक्लोस्टाईलचे कागद धरलेली, सावकाश म्हणाली, "म्हणजे… इं. द. भोसले? सर?" आणि दुसऱ्याच क्षणी तोंडाला पदर लावून तिला हसू फुटलं. "अगंबाई! आम्ही वर्षभर सर समजून वाचतोय."

ती साळवेबाई. शेजारच्या गावच्या शाळेवर होती, बाविशीच्या आतबाहेरची. ते पांढऱ्या मिशांचे म्हणजे थोरात गुरुजी, वाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी म्हटलं, माझ्याकडे लक्ष देऊ नका, रोज करता तसं करा. मग मी जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

गावात पोथी लावतात ना, एकाने वाचायचं आणि एकाने अर्थ सांगायचा, त्या रीतीने हे लोक अर्थशास्त्र शिकत होते. साळवेबाई वाचायच्या, थोरात गुरुजी अर्थ सांगायचे, बाकीचे सतरंजीवर मांडी घालून ऐकायचे. पाठाला ते पाठ म्हणतच नव्हते, अध्याय म्हणायचे. साळवेबाईंनी घसा साफ केला आणि सुरू केलं, "विद्यार्थी मित्रहो, काल आपण पाहिलं की…" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, खरोखरच काल पाहिल्यासारख्या. माझी वाक्यं, माझे विराम, मी बाकांना मारलेले टोमणेसुद्धा, सगळं दुसऱ्या बाईच्या आवाजात चाललेलं. खरं सांगते, आधी अंगावर मूठभर मांस चढलं. आणि लगेच दुसरा विचार आला. माझ्यावाचून तर हे उत्तम चाललंय! मग संस्थेने मला कशाला ठेवावं? मी उभ्या उभ्या पाय बदलत राहिले.

"आता फळ्यावर पाहा," साळवेबाईंनी वाचलं आणि थांबल्या. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर ती रेघ होती, वर चढत गेलेली, बाण काढलेली.

"हे कोणी काढलं?" माझा आवाज चढला.

थोरात गुरुजी उठून उभे राहिले, वर्गातल्या मुलाने राहावं तसे.

"म्या काढलं, बाई. पाठात आकृती नव्हती. म्हनलं, सरांनी फळ्यावर पाहा म्हनलंय तर फळ्यावर कायतरी पायजे. भाव चढला म्हनल्यावर रेघ चढायला नको का?"

मला एकदम लाज वाटली आणि हसूही आलं. नक्कल नव्हतीच. मास्तर लोकांना फळा कोरा बघवत नाही, एवढंच झालं होतं. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, खडू घ्या. या उभ्या बाजूला गुळाचा भाव. या खालच्या बाजूला तुम्ही घरी किती गूळ नेता ते, डावीकडे थोडा, उजवीकडे पुष्कळ. आता भाव चढला. बोट वर न्या."

गुरुजींनी बोट वर नेलं.

"आता सांगा, घरी गूळ जास्त नेणार का कमी?"

"ह्या साली? चा बी बिनगुळाचा पितो."

"मग बोट थोड्याकडे आणा."

बोट वर, डावीकडे येऊन थांबलं. मग भाव उतरवला, बोट खाली उजवीकडे गेलं. दोन ठिपके झाले. गुरुजींनी ते जोडले, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "आरं तिच्या! उलटीच की वो!" खोलीभर हशा झाला, त्यात गुरुजींचाच मोठा.

मी पिशवीतून ती एकवीस उत्तरं काढली आणि तिथेच, सतरंजीवर वाटून दिली. सगळ्यांनी पट्ट्या काढून रेघा बदलल्या. साळवेबाई मात्र कागद तसाच धरून बसल्या होत्या.

"बाई, एक विचारू? मला तेव्हाच वाटलं होतं रेघ उलटी असावी. पण गुरुजी मोठे. आणि पाठाला काही विचारता येत नाही. पाठ बोलतो, ऐकत नाही."

बस्स. गेला महिनाभर दादांपुढे मांडायला मी जो मुद्दा शोधत होते तो या पोरीने एका वाक्यात सांगून टाकला. निघताना माझी जागा जाणार असल्याचं गुरुजींच्या कानावर घातलं. परतीच्या एस.टी.त मी ते वाक्य मनात घोळवत राहिले, आणि उभीच राहिले, बसायला जागा असून.

एप्रिलमध्ये दादा बसले. प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावणं आलं. दादा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते.

"बसा की बाई."

"उभीच बरी आहे मी."

"पाठ लई झ्याक लिवल्यात म्हनं तुमी. आमचा भाचा वाचतो. मंग आता अडचन काय हाय? पाठ तर तयार हायेत. फुडं पोस्टमन शिकवंल की!"

प्राचार्य हसले. मी हसले नाही. मी सातवा पाठ प्राचार्यांपुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, दादांना वाचून दाखवा."

प्राचार्य वाचू लागले. चांगलं वाचत होते. "आता फळ्यावर पाहा," म्हणाले आणि अडखळले. पान उलटलं, पुन्हा सुलटलं.

"कुठला फळा?" दादांनी विचारलं.

"आकृती दिसत नाही यात."

"सतराच्या सतरा पाठांत नाही," मी म्हटलं.

"मंग काढून द्या की. कलमात लिवलंय, पाठ संस्थेचे."

"लिहिलेले पाठ संस्थेचे, दादा. घ्या, तुमचेच आहेत. आकृत्या मी लिहिल्या नाहीत. फळ्यावर काढल्या आणि पुसल्या. जूनमध्ये दुसरं कोणी आणा आणि त्यांना सांगा, कुठल्या फळ्यावर काय होतं ते ओळखा म्हणून."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. दादांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव मी सुरूही केली. मग दादा एकदम गदागदा हसायला लागले.

"बाई, ऐन गाळपात बॉयलर बंद केला की तुमी!"

"बॉयलर बंद नाही केला. तो चालवायला माणूस लागतं, एवढंच म्हणतेय. पाठ बोलतो दादा, ऐकत नाही. कुणाची रेघ उलटी गेली ते पोस्टमनला कळायचं नाही. ते काम तासांत मोजा."

"थोरात गुरुजी आलं हुतं काल मळ्यावर," दादा म्हणाले. "म्हनलं, ह्या बाईला काडलं तर आमचा अध्याय अडतो. म्या म्हनलं, आता हे अध्याय कुठलं काडलं? तवा हे हाय व्हय!" आणि प्राचार्यांकडे वळून, "ल्ह्या वो सर एक ओळ. ह्यांचं मोजायचं."

प्राचार्यांनी माझ्या कराराच्या प्रतीवर, कलम अकराच्या खाली, शाईने ओळ लिहिली: "सदर अध्यापिकेचे संपर्कवर्ग व उत्तरतपासणी यांचा समावेश तासिकांमध्ये करण्यात यावा." दादांनी सही ठोकली. दारातून बाहेर पडले आणि मी जिने चढून थेट रिकाम्या वर्गात गेले. त्याच दुपारी बसून, होय बसून, सगळ्या आकृत्या कागदावर काढल्या आणि ऑफिसात देऊन टाकल्या. भांडण जागेचं होतं, विद्यार्थ्यांशी नव्हतं. घरी गेल्यावर आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "इथंच राहायचं." त्या दिवशी तिने भांडी शांतपणे घासली.

मी कायम झाले. पाठ सुधारून छापले गेले, पुन्हा पुन्हा छापले गेले. पुढच्या एका आवृत्तीत माझं नाव गळलं. तिथे मला बोलायला जागा नव्हती, पाठ संस्थेचे होते. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण ती ओळ माझ्यापाशी होती आणि मी लढाई जिंकले असं समजून चालत होते. 'सदर अध्यापिकेचे' हे शब्द मी कधी नीट वाचलेच नाहीत. कागद वाचायची खोड असलेली मी!

सहा-सात वर्षं गेली. जूनमधल्या एका सकाळी स्टाफरूमच्या दारात साळवेबाई उभ्या. मधल्या काळात त्या पोस्टानेच बी.ए. झाल्या होत्या, मग एम.ए. पेढे मीच पहिल्यांदा खाल्ले होते. त्यांच्या आई-वडिलांनी धम्म घेतला त्या साली त्या पहिलीत बसल्या, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. आमच्याच कॉलेजात, माझ्याच विषयाच्या दुसऱ्या जागेवर त्यांची निवड झाली होती. जिल्हा परिषदेची शाळेतली नोकरी त्यांनी अजून सोडलेली नव्हती. हातात करार होता, सही न केलेला.

"बाई, तुमच्या कागदावर जी ओळ आहे, ती माझ्या कागदावर नाही."

मी कागद घेतला. तिसरं पान, रजेच्या नियमांखाली, कलम अकरा. जसंच्या तसं, पहिल्या दिवसासारखं. खाली काही नाही.

"प्राचार्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, ते असंच असतं."

माझी ओळ माझ्यापुरती होती. माझ्या मागून जे आले त्या सगळ्यांनी हे कलम तसंच, न वाचता सही करून स्वीकारलं होतं, आणि मी त्याच स्टाफरूममध्ये त्यांच्याबरोबर चहा पीत होते.

"सही करून टाका," मी म्हटलं. "आत आलात की मग बघू. आधीच्या नोकरीचा विचार करा."

"तुम्ही केली असती?"

"केलीच होती."

"म्हणून तर विचारतेय." त्या शांतपणे म्हणाल्या. आवाज तोच, वाडीतल्या खोलीत माझा पाठ वाचत होता तो. "बाई, मी हा कागद पाठासारखाच वाचला. सगळा समजला. एका ठिकाणी अडले. तुम्ही शिकवलं होतंत ना, अडलं की फळ्यावर पाहा म्हणून? म्हणून आले."

प्राचार्यांच्या खोलीत पुढे बरंच काही झालं. आवाज चढले, दादांना फोन गेला, आणि साळवेबाईंनी शाळेची नोकरी न सोडता आठ दिवस वाट पाहिली. शेवटी सगळ्यांच्या करारात माझी ओळ टाईप झाली आणि तिच्याखाली आणखी एक आली: "ही तरतूद सर्व अध्यापकांस लागू राहील." तीच ती दुसरी ओळ. पण मला आठवतो तो त्याआधीचा क्षण. मी खुर्चीवर बसलेले होते, आणि इतक्या वर्षांत मी कधीपासून बसायला लागले हे माझं मलाच आठवेना. मी उठले, टेबलावरचा खडू घेतला आणि साळवेबाईंना म्हटलं, "चला."